४के डिस्क लावली की ठिपके आणि चौकोन: प्लेअर बदलण्याआधी दोष कुठल्या टप्प्यात आहे ते शोधा

नमस्कार. परभणीहून तुम्ही जे लिहिलंय ते थोडक्यात असं: ६५ इंची ४के टीव्ही, हॉलच्या दुसऱ्या टोकाला कपाटात प्लेअर आणि एव्ही रिसीव्हर (चित्र टीव्हीकडे आणि आवाज स्पीकरकडे पाठवणारं यंत्र), आणि तिथून टीव्हीपर्यंत भिंतीतल्या पाइपातून नेलेली १० मीटरची एचडीएमआय केबल. साध्या ब्लू-रे डिस्क व्यवस्थित चालतात. ४के डिस्क लावली की पांढरे-हिरवे ठिपके चमकतात, मधूनच पडदा एक-दोन सेकंद काळा होतो. शिवाय एका डिस्कवर पाऊण तासाच्या आसपास चित्र चौकोनांत फुटतं आणि अडकतं. दुकानदार म्हणतो प्लेअर गेलाय, आणि तुम्ही विचारताय की नवा कोणता घ्यावा.

तूर्तास कोणताच घेऊ नका. तुमच्या वर्णनात एक नव्हे, दोन वेगळे दोष आहेत आणि ते बहुधा दोन वेगळ्या ठिकाणी आहेत. नवा प्लेअर आणलात तर ठिपके जसेच्या तसे राहण्याची शक्यता मोठी आहे. मी तुमची जोडणी प्रत्यक्ष पाहिलेली नाही, तेव्हा खालच्या काही गोष्टी तुमच्या टीव्ही-रिसीव्हरच्या मॉडेलवर अवलंबून राहतील. पण दोष कुठला हे ओळखायची रीत सगळीकडे एकच आहे, आणि तिला एक पैसाही लागत नाही.

चित्र डिस्कवरून डोळ्यापर्यंत येताना तीन टप्पे पार करतं. पहिल्यात लेसर डिस्क वाचतो आणि प्लेअर ती माहिती उलगडून पूर्ण चित्र बनवतो. दुसऱ्यात ते तयार चित्र केबलमधून, रिसीव्हरमधून टीव्हीत पोचतं. तिसऱ्यात टीव्ही त्यावर स्वतःची प्रक्रिया करून पडद्यावर दाखवतो. प्रत्येक टप्प्याचा बिघाड वेगळा दिसतो, आणि त्यामागे ठोस कारण आहे.

डिस्कवरचं चित्र दाबून साठवलेलं असतं. ४के डिस्कमध्ये ते एचईव्हीसी पद्धतीनं असतं. त्यात चित्राचे जास्तीत जास्त ६४ बाय ६४ पिक्सेलचे चौकोन पाडलेले असतात आणि बऱ्याचशा फ्रेम आधीच्या-नंतरच्या फ्रेमवरून रचल्या जातात. लेसरला मधला तुकडा वाचता आला नाही, तर चौकोनच्या चौकोन बिघडतात, आणि पुढची स्वयंपूर्ण फ्रेम येईपर्यंत तो बिघाड पसरत राहतो. म्हणून चौकोन, चित्र गोठणं, पुढे उडी मारणं हे पहिल्या टप्प्याचं लक्षण. केबलमध्ये मात्र चित्र उलगडलेलं असतं, एकेक पिक्सेल वेगळा जातो. आजच्या ४के प्लेअरच्या एचडीएमआय सिग्नलमध्ये चित्राच्या भागाला चूक दुरुस्त करायची सोयच नाही. एक बिट चुकला की एक पिक्सेल एका फ्रेमपुरता भलत्याच रंगाचा दिसतो, म्हणजेच तुमचा चमकणारा ठिपका. चुका फार वाढल्या की टीव्ही सिग्नल सोडून देतो आणि पुन्हा धरतो, तेवढा वेळ पडदा काळा. केबल कितीही खराब असली तरी तिच्यामुळे चौकोन पडत नाहीत.

आता खात्री करायची रीत. ठिपके दिसत असताना पॉज दाबा. प्लेअर आता एकच स्थिर चित्र पुन्हा पुन्हा पाठवतोय. ठिपके जागा बदलत चमकतच राहिले, तर दोष प्लेअरच्या पुढे आहे: केबल, रिसीव्हर किंवा टीव्हीचं पोर्ट. बिघाड चित्रासोबत गोठून एका जागी बसला, तर तो प्लेअरच्या आत किंवा डिस्कवर आहे. अगदी काळ्या भागात काही टीव्हींची स्वतःची बारीक थरथर असते, ती सोडून द्या. तुमचे पांढरे-हिरवे ठिपके त्यात मोडत नाहीत. पॉजमध्येच टीव्हीच्या रिमोटनं टीव्हीचा मेनू उघडा. मेनूच्या अक्षरांवरही ठिपके आले तर दोष टीव्हीच्या पॅनेलचा. मेनू स्वच्छ आणि मागचं चित्र ठिपक्यांचं, तर पॅनेल निर्दोष.

दुसरी चाचणी: प्लेअरच्या सेटिंगमध्ये जाऊन आउटपुट रिझोल्यूशन ४के ऐवजी १०८०पी (साध्या ब्लू-रेचं) करा आणि तीच ४के डिस्क, तेच दृश्य लावा. ठिपके गायब झाले तर केबलचा मार्ग कमी पडतोय. चौकोन मात्र त्याच जागी तसेच पडले तर डिस्क किंवा लेसर. या दोन चाचण्यांना दहा मिनिटं लागतात आणि त्यानंतर अंदाजानं काही बदलावं लागत नाही.

साधी ब्लू-रे का चालते, याचं उत्तर आकड्यांत आहे. १०८०पी, सेकंदाला २४ फ्रेमच्या (२४पी) सिग्नलला केबलमधून सेकंदाला साधारण २.२ गिगाबिट जावे लागतात. ४के, २४ फ्रेम, ४:२:२ या रंगप्रकारात (रंगाची माहिती निम्मी) तेच ८.९ होतात. ४:४:४ (रंगाची माहिती पूर्ण) आणि प्रत्येक रंगाला १२ बिट निवडलं तर १३.४ च्या आसपास. आणि प्लेअरमध्ये २४पी आउटपुट बंद असेल तर चित्र ६० फ्रेमनं जातं, तेव्हा ४:२:२ मध्येही १७.८ लागतात, एचडीएमआय २.० ची कमाल मर्यादाच १८ आहे. म्हणजे 'ब्लू-रे चालते, अर्थात केबल चांगली आहे' हा तर्क चुकीचा. त्या केबलची ४के इतकी परीक्षा कधी झालेलीच नव्हती.

त्यामुळे केबलला हात लावण्याआधी तिचं ओझं कमी करून पाहा. प्लेअरमध्ये २४पी आउटपुट 'ऑन' किंवा 'ऑटो', रंगप्रकार ४:२:२, डीप कलर (रंगाला जादा बिट देणारा पर्याय) बंद. नावं कंपनीगणिक बदलतात, पण हे तीन पर्याय बहुतेक प्लेअरमध्ये सापडतात. चित्रात नुकसान नाही, कारण डिस्कवर रंग ४:२:० मध्येच, म्हणजे त्याहूनही कमी माहितीत, साठवलेले आहेत. ४:४:४ निवडून नवीन तपशील निर्माण होत नाही. एवढ्यावर ठिपके थांबले तर तुम्ही काठावर आहात. आज चालेल, पण अशी केबल भरवशाची नव्हे.

साध्या तांब्याच्या केबलला पूर्ण १८ गिगाबिट पेलायचे असतील तर ३ मीटरपर्यंत चिंता नसते, ५ मीटरला चांगली केबल लागते, आणि १० मीटरला खोक्यावर काहीही छापलेलं असलं तरी मी भरवसा ठेवत नाही. सोन्याचा मुलामा, जाड वेष्टण यांचा इथे उपयोग नाही. छोट्या लांबीसाठी 'प्रीमियम हाय स्पीड' प्रमाणपत्राची, स्कॅन करता येणारं लेबल असलेली केबल घ्या. तुमच्या १० मीटरसाठी ऑप्टिकल एचडीएमआय केबल (सिग्नल तांब्याऐवजी प्रकाशानं नेणारी) हाच योग्य मार्ग. तिला दिशा असते: 'सोर्स' लिहिलेलं टोक रिसीव्हरला, 'डिस्प्ले' लिहिलेलं टीव्हीला. उलटी लावली तर चित्रच येत नाही आणि माणूस केबल खराब समजून परत करतो. भिंतीतला पाइप किती मिलिमीटरचा आहे ते आधी मोजा. एचडीएमआयचं डोकं प्लॅस्टिकसह सुमारे २० मिमी रुंद असतं. २० मिमीच्या पाइपातून ते जाणारच नाही आणि २५ च्या पाइपातही कोपऱ्यावर अडकतं. टोक वेगळं करता येणारी ऑप्टिकल केबल मिळते, ती अशा ठिकाणी घ्यावी. जुनी केबल ओढून काढताना तिच्या मागे नायलॉनची दोरी बांधून आत सोडा, मग नवी त्या दोरीनं घ्या. ओढ वेष्टणावर पडू द्या, टोकावर नको, आणि कुठेही घडी पडेल इतकी वाकवू नका.

याहून स्वस्त उपाय आहे, आणि जागा असेल तर मी तोच सुचवेन: प्लेअर आणि रिसीव्हर दोन्ही टीव्हीखाली आणा, २ मीटरच्या केबलनं जोडा, आणि लांब न्यायचंच असेल तर स्पीकरची तार न्या. १४ गेजची तार १० मीटर नेली तरी आवाजात फरक जाणवत नाही.

निर्णय घेण्याआधी मधला रिसीव्हर वगळून बघायलाच हवं. प्लेअर उचलून टीव्हीजवळ न्या, छोट्या केबलनं थेट जोडा. ठिपके गेले? मग तोच प्लेअर रिसीव्हरमधून, पण छोट्याच केबलांनी जोडा. इथे ठिपके परतले तर दोष रिसीव्हरचा किंवा त्याच्या सेटिंगचा. नाही परतले तर भिंतीतली केबल दोषी. बऱ्याच रिसीव्हरमध्ये प्रत्येक एचडीएमआय इनपुटसाठी ४के सिग्नलचा प्रकार 'स्टँडर्ड' की 'एन्हान्स्ड' असा वेगळा निवडावा लागतो, आणि चित्रावर रिसीव्हरनं स्वतः प्रक्रिया करायचा पर्यायही असतो. तो बंद ठेवा. टीव्हीतही पोर्टनिहाय अशीच कळ असते. सॅमसंगमध्ये 'इनपुट सिग्नल प्लस', एलजीमध्ये 'अल्ट्रा एचडी डीप कलर', सोनीत 'एन्हान्स्ड फॉरमॅट' अशा नावांनी ती मिळेल. ही बंद असेल तर एचडीआर (जास्त उजळ-गडद पल्ल्याचं चित्र) येतच नाही किंवा रंग फिकट दिसतात.

आता तुमचा दुसरा दोष, पाऊण तासावरचे चौकोन. ही वेळ मला महत्त्वाची वाटते. ४के डिस्क बहुधा ६६ जीबीच्या दोन थरांच्या किंवा १०० जीबीच्या तीन थरांच्या असतात. पहिला थर आतून बाहेर वाचला जातो, दुसरा बाहेरून आत, तिसरा पुन्हा आतून बाहेर. तीन थरांच्या भरलेल्या डिस्कवर सव्वादोन तासांचा चित्रपट असेल तर पहिल्यावरून दुसऱ्या थरावर जाण्याची वेळ ढोबळमानानं पाऊण तासालाच येते, आणि तेव्हा लेसर डिस्कच्या अगदी बाहेरच्या कडेला असतो. ती कड म्हणजे आपण बोटांनी धरतो ती जागा. तिथे ठसा, तेलकटपणा किंवा धूळ असली की थर बदलताना लेसरला पुन्हा फोकस सापडत नाही. ब्लू-रेमध्ये माहितीचा थर पृष्ठभागाखाली जेमतेम ०.१ मिमीवर असतो, डीव्हीडीत तो ०.६ मिमीवर असायचा. म्हणून डीव्हीडीला चालून जाणारा डाग इथे चालत नाही.

डिस्क धुवा. नवी कोरी असली तरी धुवा, कारण छपाईच्या वेळचा पातळ थर कधी कधी राहिलेला असतो. कोमट पाणी, भांड्याच्या लिक्विडचा एक थेंब, बोटांच्या पेरांनी हलकेच, मग भरपूर पाण्यानं खळबळून घ्या. यात आपल्याकडची एक अडचण आहे: बोअरच्या जड पाण्यानं धुतलं की वाळल्यावर पांढरे क्षाराचे डाग राहतात, म्हणजे एक डाग काढून दुसरा लावला. शेवटचं पाणी आरओचं किंवा इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर घ्या. बाटलीवर डिस्टिल्ड वॉटर लिहिलंय ना हे वाचूनच घ्या, शेजारीच ॲसिडच्या बाटल्याही असतात. मऊ मायक्रोफायबरनं मधून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नाही. गोल ओरखडा माहितीच्या गोल रेषेच्याच दिशेनं जातो आणि लांबवरची माहिती सलग खातो. थिनर, पेट्रोल, टूथपेस्ट अजिबात नको. डीव्हीडी घासून देणाऱ्या मशीनवर ब्लू-रे कधीच देऊ नका, ०.१ मिमीत घासायला काही शिल्लकच नाही.

धुऊन पुन्हा त्याच मिनिटाला फुटतेय का ते बघा, पण सकाळी, प्लेअर थंड असताना, थेट त्या दृश्याच्या पाच मिनिटं आधीपासून लावून. थंड प्लेअरवर तेच ठिकाण सुरळीत गेलं आणि तासभर चालल्यावर अडखळलं, तर दोष डिस्कचा नसून उष्णतेचा आहे. बहुतेक प्लेअर ३५ ते ४० अंशांच्या खोलीपर्यंत चालवण्यासाठी बनवलेले असतात. परभणी-नांदेडकडे एप्रिल-मेमध्ये बाहेर ४२-४३ अंश असताना बंद कपाटात, खाली तापलेला रिसीव्हर आणि वर प्लेअर, म्हणजे ही मर्यादा दुपारीच ओलांडलेली असते. प्लेअर रिसीव्हरवर कधीही ठेवू नका. वर किमान १० सेंमी मोकळी जागा, कपाटाची मागची फळी कापलेली, किंवा निदान दार उघडं. कूलरचा झोत थेट यंत्रांवर नको. त्याच्या दमट हवेतली धूळ लेन्सवर चिकटून बसते आणि मग फुंकून निघत नाही. लेन्ससाठी रबरी ब्लोअर पुरतो. टायरच्या दुकानातल्या कंप्रेसरच्या हवेत पाणी आणि तेलाचे कण असतात, ती हवा टाळा.

कूलरवरून आठवलं, म्हणून विजेचंही बघून घ्या. पडदा काळा होण्याची वेळ आणि कूलरची मोटर किंवा फ्रिज सुरू-बंद होण्याची वेळ जुळते का? स्टॅबिलायझरचा 'टक' आवाज आणि काळा पडदा एकदम होतात का? होत असतील तर केबल बदलूनही अधूनमधून त्रास राहील. टीव्ही, रिसीव्हर, प्लेअर एकाच चांगल्या बोर्डवर घ्या, कूलर दुसऱ्या सॉकेटवर. लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवर चालवत असाल तर तो साइन वेव्हचा हवा. अर्थिंग वायरमनकडून मोजून घ्या; न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात भार चालू असताना दोन-तीन व्होल्ट ठीक, पाचाच्या पुढे गेलं की खड्डा बघावा लागतो. आपल्याकडे उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि नेमकं वळवाच्या विजा सुरू होतात तेव्हा अर्थिंग निकामी असतं. खड्ड्यात पाणी घालत राहा. केबलवाल्याची कोअॅक्स वायर सेट-टॉप बॉक्समधून रिसीव्हरला आलेली असेल तर गडगडाट सुरू झाला की ती काढून ठेवा. एचडीएमआय पोर्ट जळण्याचा तो नेहमीचा रस्ता आहे. एचडीएमआय केबल लावताना-काढताना दोन्ही यंत्रांचे प्लग बाहेर असू द्या.

बाकीची लक्षणं भरभर सांगतो, कारण तुमच्याकडे ती आज नाहीत, पण धागा वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाला लागतील. पूर्ण चित्र गुलाबी किंवा हिरवं झालं तर प्लेअर आणि टीव्ही यांच्यात रंगप्रकाराची गफलत आहे. दोन्ही बंद करून आधी टीव्ही, मग रिसीव्हर, मग प्लेअर सुरू करा, आणि रंगप्रकार 'ऑटो' ऐवजी वायसीबीसीआर (मेनूत YCbCr) ठेवा. फक्त डॉल्बी व्हिजनच्या (एचडीआरचा एक प्रकार) डिस्कवर त्रास असेल तर प्लेअरमध्ये डॉल्बी व्हिजन बंद करून साध्या एचडीआर१० वर तपासा. आकाशात पट्टे दिसले किंवा माणसांच्या कडेनं प्रभावळ दिसली तर टीव्हीची शार्पनेस, नॉइज रिडक्शन आणि मोशन स्मूदिंग बंद करा. सोनी टीव्हीत शार्पनेसचं तटस्थ स्थान ५० आहे, शून्य नव्हे. आणि जुन्या फिल्मवर चित्रित सिनेमांत सगळीकडे बारीक दाणे दिसतात ते फिल्मचे स्वतःचे आहेत. तो दोष नव्हे, तो पुसू नये.

प्लेअरचं फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) अद्ययावत करा, पण ते चालू असताना वीज जाऊ देऊ नका. प्लेअर इन्व्हर्टरवर घेऊनच करा, अर्धवट अपडेटनं चांगलं यंत्र कायमचं बंद पडू शकतं.

एवढं करूनही ती डिस्क त्याच जागी फुटली तर ती दुसऱ्या यंत्रावर लावून बघा. मित्राकडे डिस्क ड्राइव्हचा पीएस५ किंवा एक्सबॉक्स सिरीज एक्स असेल तर तो ४के डिस्क चालवतो. पीएस४ प्रो चालवत नाही. प्रदेशाची अडचण येणार नाही, ४के डिस्कना रीजन कोड नसतो. दोन्हीकडे एकाच मिनिटाला फुटली तर डिस्क सदोष आहे. प्लेअरवरची वेळ दिसेल असा मोबाइलवर व्हिडिओ घ्या आणि परतीची मुदत संपायच्या आत विक्रेत्याला पाठवा.

दुसरीकडे नीट चालली आणि तुमच्याकडे तीन थरांच्या बाकी डिस्कही अडखळत असतील, तर लेसर थकलाय आणि दुकानदाराचं म्हणणं चौकोनांपुरतं बरोबर ठरेल. वॉरंटी असेल तर आधी तिथे द्या. नसेल तर ड्राइव्ह बदलायचा खर्च विचारा. तो नव्याच्या निम्म्याहून जास्त येत असेल तर नवा घ्यावा. तेव्हा एकच गोष्ट बघून घ्या: मागे दोन एचडीएमआय आउटपुट असलेला. एक थेट टीव्हीला चित्रासाठी, दुसरा रिसीव्हरला आवाजासाठी. रिसीव्हर जुना असला तरी मग चित्राच्या वाटेत येत नाही, आणि ट्रूएचडी-डीटीएस या डिस्कवरच्या प्रकारांतला पूर्ण आवाजही मिळतो. पॉजची चाचणी करून काय दिसलं, रिसीव्हरचं मॉडेल आणि पाइपाची जाडी इथे लिहा, म्हणजे केबल कोणती ते नेमकं सांगता येईल.